लोकल सर्व्हरवर सगळी पानं पांढरी येऊन राहिली, वाचनालयाची यादी उघडत नाही

महालचा_वाचक (नागपूर), रविवार रात्री ९.१२

नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहो. आमच्या इकडे महालात वस्तीचं एक लहानसं वाचनालय आहे, देणगीवर चालते, संध्याकाळी मी तिथं बसतो. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, सगळं एका काँप्युटरवर आहे. इंटरनेट लागत नाही, झॅम्प (आपल्याच काँप्युटरवर साइट चालवायचं पॅकेज, त्यात अपाचे सर्व्हर, मायएसक्यूएल डेटाबेस अन् पीएचपी येते) टाकलेलं आहे, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं की यादी उघडते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभासदाच्या पोरानं पीएचपी या भाषेत बनवून दिलं होतं, तो आता परदेशात आहे, त्याला सारखा त्रास देणं बरं नाही वाटत.

यंदा नवतपा सुरू असताना जुना काँप्युटर बसला तो बसलाच. मग बर्डीवरून एक सेकंडहँड घेतला, त्यात नवीन झॅम्प टाकलं (पीएचपी ८.२ दाखवते), जुन्या हार्ड डिस्कमधून एचटीडॉक्समधलं (तिथं साइटच्या फाइली राहतात) फोल्डर आणलं, डेटाबेसची डंप फाइल (सगळ्या नोंदींची एका फाइलमधली कॉपी) पेन ड्राइव्हमध्ये होती ती पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून इम्पोर्ट केली. तिथं टेबलं दिसतात, पुस्तकांची नावं मराठीत नीट दिसतात. अपाचे हिरवं, मायएसक्यूएल हिरवं. अन् आपली साइट उघडली की पान पांढरं. लॉगिनचं पांढरं, यादीचं पांढरं, सगळीच. एक अक्षर नाही, एरर पण नाही. झॅम्प काढून परत टाकून पाह्यलं, तेच. शाळा सुरू व्हायच्या आधी पोरं पुस्तकं न्यायला येऊन राहिली, त्यांना थांबवून ठेवता येत नाही. कुठून पाहायला सुरुवात करू ते सांगा.

सक्करदरा_स्पीड, रविवार रात्री ९.३०

भाऊ पोर्टचा घोळ असन. विंडोजमध्ये आयआयएस (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) चालू असलं की ते ८० नंबरचं पोर्ट धरून बसते, मग झॅम्पचं काही चालत नाही. झॅम्पचं पोर्ट ८०८० करून पाहा.

लिनक्सवाली (ठाणे), रविवार रात्री १०.०५

पोर्टचा प्रश्न वाटत नाहीये. ८० दुसऱ्या कोणी धरलं असतं तर अपाचे हिरवं झालंच नसतं, किंवा आयआयएसचं स्वतःचं निळं स्वागताचं पान दिसलं असतं. पांढरं पान म्हणजे कोणीतरी उत्तर देतंय, पण रिकामं देतंय. आधी ते उत्तर नेमकं काय आहे ते बघू, तोवर काही बदलू नका आणि प्लीज परत इन्स्टॉल करू नका, त्यानं माहिती पुसली जाते.

काका, चार गोष्टी बघून सांगा. पांढऱ्या पानावर असताना कंट्रोल आणि यू दाबा, सोर्स उघडेल, तो पण पूर्ण रिकामा आहे का त्यात पीएचपीचा कोड दिसतोय? मग एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये जा, पान रिफ्रेश करा, पहिल्या ओळीत स्टेटस कोणता आकडा येतो आणि साइज किती ते लिहा. मग एचटीडॉक्समध्ये एक नवीन पीएचपी फाइल बनवा ज्यात फक्त इको करून नमस्कार छापायचं, बाकी काही नाही, ती उघडते का? आणि झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपाचेच्या ओळीत लॉग्ज नावाचं बटण आहे, त्यातून एरर लॉग उघडा आणि शेवटच्या काही ओळी बघा. आणि हो, फाइलवर डबल क्लिक करून उघडत नाही ना? पत्त्यात सुरुवातीला लोकलहोस्टच हवं.

कोड_कारंजा, रविवार रात्री १०.२२

सोर्समध्ये कोड दिसला तर कारण एकदम साधं असतं, जुन्या लोकांना कोडची सुरुवात नुसत्या छोट्या टॅगनं करायची सवय होती, पुढे पीएचपी ही अक्षरं लिहायचीच नाहीत. नवीन सेटिंगमध्ये शॉर्ट ओपन टॅग बंद असतो, मग सर्व्हर तो कोड चालवतच नाही, जसाच्या तसा पाठवून देतो, आणि ब्राउझर तो एचटीएमएलमधली कॉमेंट समजून लपवतो. त्यामुळे पान पांढरं. हे मी बऱ्याच जुन्या साइटींवर पाहिलंय.

महालचा_वाचक, सोमवार सकाळी ८.४०

ताई, सगळं पाह्यलं. फाइल नाही, पत्त्यात लोकलहोस्टच आहे. सोर्स पूर्ण रिकामा, कोड वगैरे काही नाही. नमस्कारवाली फाइल व्यवस्थित उघडली. नेटवर्कमध्ये स्टेटस २०० आहे आणि साइज मधी जवळपास काहीच नाही, पानाचा मजकूर शून्य बाइट दाखवते. एरर लॉगमध्ये फक्त अपाचे सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, आपल्या साइटबद्दल एक ओळ नाही. म्हणून तर डोकं चालून नाही राहिलं, चूक असती तर कुठंतरी लिहिली असती ना?

जुना_सर्व्हरवाला (मूळ नागपूर, सध्या पुणे), सोमवार सकाळी १०.१५

वाचकभाऊ, हे २०० (म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं ठीक) आणि कोरा लॉग फार कामाचं आहे, यातच उत्तर आहे बघा.

पीएचपीत जीवघेणी एरर आली, म्हणजे फेटल, तर काय होतं? डिस्प्ले एरर्स चालू असेल तर ती पानावर छापली जाते. बंद असेल तर पान रिकामं जातं पण मग पीएचपी स्वतःच स्टेटस ५०० (सर्व्हरवर चूक झाली) करते, आणि क्रोम असं रिकामं ५०० आलं की स्वतःचं करड्या रंगाचं पान दाखवतो, पान चालत नाहीये असं इंग्रजीत लिहून खाली ५०० चा आकडा. तुम्हाला तेही दिसत नाही. म्हणजे डिस्प्ले एरर्स चालू आहे (झॅम्पमध्ये ते चालूच येतं), तरी छापत नाहीये, आणि लॉगमध्येही लिहीत नाहीये. अशी परिस्थिती बहुतेक एकाच कारणानं येते, कोडमध्ये कुठंतरी एरर रिपोर्टिंग शून्य केलेलं आहे. ती ओळ म्हणजे प्रोग्रामच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे, पानावरही नाही, लॉगमध्येही नाही, आणि स्टेटस २०० च राहतो. त्या काळी बरेच जण हे टाकायचे कारण छोट्या छोट्या नोटिशींनी पान भरून जायचं.

नोटपॅड प्लस प्लस असेल तर त्यात फाइंड इन फाइल्स करून अख्ख्या फोल्डरमध्ये एरर रिपोर्टिंग शोधा, बहुतेक कॉन्फिग किंवा कनेक्शनच्या फाइलमध्ये सगळ्यात वर असेल. ती ओळ काढू नका, फक्त कंसातल्या शून्याच्या जागी ई अंडरस्कोर ऑल लिहा. मग रिफ्रेश करा आणि काय छापून येतं ते जसंच्या तसं इथं टाका.

एक लक्षात असू द्या. त्याच फाइलमध्ये कोडच्या व्याकरणाची चूक असेल, कंस राहिला सेमीकोलन राहिला, तर ती फाइल चालतच नाही, त्यामुळे तिच्यातली ही ओळही लागू होत नाही. तसं झालं तर सेटिंग पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये करावं लागतं आणि नंतर अपाचे थांबवून सुरू करावं लागतं. आयएनआय एकापेक्षा जास्त सापडतात, नेमकी कोणती लागू आहे ते पीएचपीइन्फोच्या पानावर लोडेड कॉन्फिगरेशन फाइल या ओळीत दिसतं.

महालचा_वाचक, सोमवार रात्री ८.५५

सापडलं! कॉन्फिगच्या फाइलमध्ये पहिलीच ओळ. बदलली अन् पानावर अक्षरं आली, एरर का असेना पण आली, इतका आनंद झाला म्हणून सांगतो. लिहिलं आहे फेटल एरर, अनकॉट एरर, कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल कनेक्ट, आणि पुढे फाइलचं नाव अन् ओळ ७. पण मायएसक्यूएल तर हिरवं आहे, मग कनेक्ट का नाही म्हणते?

लिनक्सवाली, सोमवार रात्री ९.२०

डेटाबेस ठीक आहे. पीएचपी म्हणतंय की मायएसक्यूएल कनेक्ट नावाचं फंक्शनच मला माहीत नाही. आणि ते खरंय. ही जुनी फंक्शनं २०१३ मध्ये पीएचपी ५.५ आलं तेव्हाच कालबाह्य म्हणून जाहीर झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७.० आलं त्यात ती पूर्ण काढून टाकली. तुमचा जुना काँप्युटर त्याआधीच्या पीएचपीवर होता म्हणून चालत होतं. आता त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय (शेवटी आय) किंवा पीडीओ वापरतात.

सक्करदरा_स्पीड, सोमवार रात्री ९.४१

मग सोपं आहे ना, जुनं झॅम्प टाका ज्यात पीएचपी ५.६ आहे. आपलं काय नेटवर नाही, हॅक कोण करते. जसंच्या तसं चालन, अर्ध्या तासाचं काम. माझ्या एका दुकानदार मित्राकडे अजून तेच चालू आहे, बिलं निघून राहिली.

लिनक्सवाली, सोमवार रात्री १०.०२

चालेल, हे मी नाकारत नाही. पण ५.६ चा सुरक्षेचा आधार डिसेंबर २०१८ ला संपलाय आणि आज नेट नाही म्हणजे उद्या नसेलच असं नाही, वाचनालयात कोणी वायफाय घेतलं की हाच काँप्युटर त्याच्यावर जाणार. त्यात सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, ते लोकांनी विश्वासानं दिलेत. शिवाय हा काँप्युटर बसला की परत हीच शोधाशोध, आणि तोपर्यंत ते जुनं झॅम्प मिळणंही अवघड होत जाईल. माझं ठाम मत आहे की एकदा बसून कोड बदलावा.

जुना_सर्व्हरवाला, सोमवार रात्री १०.४८

ताईंचं बरोबर आहे, पण पोरं आत्ता दारात उभी आहेत. म्हणून मधला मार्ग सांगतो, मी स्वतः एका शाळेच्या जुन्या प्रोग्रामसाठी वापरला आहे.

जुनी फंक्शनं पीएचपीतून गेली म्हणजे ती नावं मोकळी झाली. त्याच नावांची फंक्शनं आपण स्वतः लिहू शकतो, आतून ती मायएसक्यूएलआयला बोलावतील. एक वेगळी फाइल बनवायची आणि कॉन्फिगच्या सुरुवातीला जोडायची. त्यात कनेक्ट, सिलेक्ट डीबी, क्वेरी, फेच अ‍ॅरे, फेच असोक, नम रोज, इन्सर्ट आयडी, रिअल एस्केप स्ट्रिंग आणि एरर एवढी लिहिली की बहुतेक जुना कोड चालू होतो. लिहिताना ह्या गोष्टी सांभाळा, क्वेरीत जुन्या पद्धतीत आधी क्वेरी आणि मग कनेक्शन असायचं, नवीनमध्ये आधी कनेक्शन आणि मग क्वेरी, हे उलटं झालं की परत एरर. जोडणी झाल्या झाल्या सेट कॅरसेट करून यूटीएफ८एमबी४ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) द्या, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. मायएसक्यूएल रिझल्ट नावाचं फंक्शन कोडमध्ये असेल तर त्याचा सरळ जोडीदार नवीनमध्ये नाही, ते डेटा सीक करून हातानं लिहावं लागेल. आणि पीएचपी ८.१ पासून क्वेरी फसली की मायएसक्यूएलआय थेट एक्सेप्शन फेकतं, त्यामुळे जुन्या कोडमधलं ऑर डाय पर्यंत गाडी पोचतच नाही, मोठी एरर दिसली तर घाबरू नका, मजकूर वाचा.

पुढे अजून दोन-तीन ठिकाणी अडकाल हे आत्ताच सांगून ठेवतो. जुन्या कोडमध्ये रो च्या चौकटी कंसात कॉलमचं नाव अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेलं असतं, आधी पीएचपी समजून घ्यायचं आणि नोटीस द्यायचं, ८ पासून ती फेटल एरर आहे. मॅजिक कोट्स तपासणारं फंक्शन ८.० ला गेलं. एरेग आणि स्प्लिट ७.० लाच गेले, त्यांच्या जागी प्रेग मॅच आणि एक्सप्लोड. एकेक एरर येईल, फाइल आणि ओळ सांगेल, तिथं जाऊन दुरुस्त करायचं, पुढची येईल.

हा तात्पुरता पूल आहे. पोरांची गर्दी ओसरली की ताई म्हणतात तसं नीट बदला, लॉगिन आणि शोधाच्या क्वेऱ्या आधी, तिथं प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीचा साचा आणि टाइप केलेली माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) लावा.

महालचा_वाचक, बुधवार रात्री ९.३०

मंडळी, यादी उघडली! आमच्याकडे बीसीए करणारी एक पोरगी पुस्तकं न्यायला येते, तिनं अन् मी मिळून ती फाइल लिहिली. तुम्ही सांगितलं तसंच झालं, अवतरणचिन्हाची एरर तर पानोपानी निघाली, पण प्रत्येक वेळी ओळ नंबर समोर होता म्हणून काम सरकत गेलं. लॉगिन, वर्गणी, देवघेव सगळं चालू आहे.

आता एक नवीनच. त्या पोरीनं हौसेनं एक शोधाची पेटी बसवली, दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली पुस्तकांची नावं आली पाहिजे. इंग्रजी पुस्तकं शोधली तर येतात. मराठीत पक्षी टाइप केलं तर येतात, नागपूर टाइप केलं तर काहीच नाही. त्या शोधाच्या फाइलचा पत्ता सरळ ब्राउझरमध्ये टाकला तर पुन्हा तेच, पांढरं पान, स्टेटस २००, आणि ह्या वेळी एरर रिपोर्टिंग पूर्ण चालू आहे तरी एरर नाही! टेबलमध्ये नागपूरवाली पुस्तकं आहेत, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तीच क्वेरी चालवली तर ओळी येतात.

कोड_कारंजा, बुधवार रात्री ९.५०

त्या फाइलमध्ये शेवटी जेसन एनकोड (यादी ब्राउझरला पाठवायला मजकुरात बदलणारं फंक्शन) आहे का? आणि त्याच्या आधी नाव छोटं करायला सबस्ट्र (मजकूर कापणारं फंक्शन) वापरलंय का? बहुतेक हेच असणार.

महालचा_वाचक, बुधवार रात्री १०.०१

दोन्ही आहे. सबस्ट्रमध्ये शून्य ते ३० दिलं आहे, मोठी नावं पेटीत बसत नव्हती म्हणून.

कोड_कारंजा, बुधवार रात्री १०.३५

मग सापडलं. हे जरा सविस्तर लिहितो कारण देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी छळतं आणि इंग्रजीत शिकवणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत, त्यांना हे दिसतच नाही.

सबस्ट्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ ८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा, प्रत्येकी तीन. स्पेस मात्र एकच बाइट. आता समजा नोंद आहे विदर्भातील पक्षी. विदर्भातील या शब्दात दहा चिन्हं, व, वेलांटी, द, र, हलन्त, भ, काना, त, वेलांटी, ल. दहा त्रिक ३०. सबस्ट्रनं ३० वर कापलं, शब्द बरोबर संपला, काही तुटलं नाही. आता घ्या नागपूर परिसर. नागपूर सहा चिन्हं म्हणजे १८, स्पेस १, झाले १९. उरले ११ बाइट. त्यात तीन चिन्हं बसली ९ बाइटची, आणि चौथ्याचे दोनच बाइट आले, तिसरा कापला गेला. तो तुकडा म्हणजे कोणतंच अक्षर नाही.

आणि जेसन एनकोड याबाबतीत फार कडक आहे. त्याला पूर्ण शुद्ध यूटीएफ ८ लागतं. शंभर नावांत एक जरी असं तुटकं असलं तरी तो सगळी यादी नाकारतो आणि फॉल्स परत देतो. फॉल्स इको केला की काय छापतं? काहीच नाही. ही एरर म्हणून गणलीच जात नाही, त्यामुळे एरर रिपोर्टिंग कितीही चालू ठेवा, काही दिसणार नाही. एनकोडच्या खालच्या ओळीत जेसन लास्ट एरर एमएसजी छापून बघा, मॅलफॉर्म्ड यूटीएफ ८ कॅरेक्टर्स असं येईल.

म्हणून कधी चालतं कधी नाही. नाव निव्वळ देवनागरीत आणि ३० बाइटांपेक्षा मोठं असेल तर पहिल्या ३० बाइटांत स्पेस नसतील किंवा तीन असतील तर तुटत नाही, एक किंवा दोन असतील तर हमखास तुटतं. तुमच्याकडची कोणतीही नावं घेऊन मोजून बघा.

महालचा_वाचक, बुधवार रात्री १०.५८

मोजलं. तंतोतंत. छापलं तर मॅलफॉर्म्डच आलं. मग सबस्ट्रच्या जागी काय टाकायचं?

कोड_कारंजा, बुधवार रात्री ११.१०

एमबी सबस्ट्र, शेवटी यूटीएफ ८ सांगून. तो चिन्हं मोजतो, बाइट फुटत नाही, जेसन लगेच चालू होईल. पण त्यातही एक उणीव राहते, तो काना वेलांटी किंवा जोडाक्षर मध्येच तोडू शकतो, पक्षी मधला क हलन्तासकट लटकत राहील आणि पुढचं गायब, वाचायला वाईट दिसतं. आयएनटीएल एक्स्टेंशनमध्ये ग्राफीम सबस्ट्र आहे, आयएनआय फाइलमध्ये त्या ओळीच्या पुढचा अर्धविराम काढला की चालू होतं, त्यात मात्रा अक्षराला धरून राहते, जोडाक्षर मात्र जुन्या आवृत्त्यांमध्ये तुटतं.

लिनक्सवाली, बुधवार रात्री ११.२४

मी तर म्हणेन सर्व्हरवर कापूच नका. पूर्ण नाव पाठवा आणि पेटीत बसवायचं काम सीएसएसला (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांना) द्या, ओव्हरफ्लो हिडन, व्हाइटस्पेस नोरॅप आणि टेक्स्ट ओव्हरफ्लो एलिप्सिस. मराठी अक्षर कुठं तोडायचं ते ब्राउझरला आपल्या फंक्शनांपेक्षा बरं कळतं. आणि जेसन एनकोडला थ्रो ऑन एरर हा फ्लॅग द्या, पीएचपी ७.३ पासून आहे, म्हणजे पुढे कधी काही तुटलं तर गप्प बसणार नाही, स्पष्ट एरर देईल. काही जण इनव्हॅलिड यूटीएफ ८ सबस्टिट्यूट लावून मोकळे होतात, त्यानं तुटक्या जागी काळा हिऱ्यासारखा प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो आणि मूळ गडबड तशीच राहते. मला ते पटत नाही.

त्या बीसीएवाल्या मुलीला सांगा, काम छान केलंय तिनं.

महालचा_वाचक, गुरुवार रात्री ८.३५

सांगितलं, लाजली. सीएसएसवाला उपाय केला, आता नागपूर टाइप केलं की सगळी नावं पूर्ण येतात. वाचनकक्षात अजून एक काँप्युटर आहे, त्याच्यावरून सर्व्हरचा आयपी टाकला तर पान फिरत राहते अन् मग उघडत नाही, तेवढं सांगा.

सक्करदरा_स्पीड, गुरुवार रात्री ८.५०

हे फायरवॉल आहे भाऊ, हे नक्की सांगतो. विंडोजमध्ये ते नेटवर्क पब्लिक म्हणून धरलं असन, प्रायव्हेट करा अन् फायरवॉलमध्ये अपाचेला परवानगी द्या.

महालचा_वाचक, गुरुवार रात्री ९.०५

झालं! धन्यवाद भाऊ.

महालचा_वाचक, शनिवार संध्याकाळी ७.१०

पुन्हा त्रास देतो. दुपारी वादळ आलं, लाइट गेली, काँप्युटर तसाच बंद पडला, यूपीएस अजून घ्यायचा आहे. लाइट आल्यावर मायएसक्यूएल सुरूच होत नाही, स्टार्ट दाबलं की शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली येऊन लाल होते. पान उघडलं की कनेक्शनची एरर, निदान पांढरं तरी नाही.

इतवारी_गल्ली, शनिवार संध्याकाळी ७.२२

मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमध्ये आयबीडेटा१ नावाची फाइल आहे, ती डिलीट करा, मग स्टार्ट होते. यूट्यूबवर पण हेच सांगतात.

जुना_सर्व्हरवाला, शनिवार संध्याकाळी ७.२६

वाचकभाऊ थांबा, ती फाइल अजिबात डिलीट करू नका!! इनोडीबीच्या (टेबलं साठवायचा एक प्रकार) टेबलांचा हिशेब त्या फाइलमध्ये असतो. ती उडवली की मायएसक्यूएल हिरवं होतं हे खरं, टेबलांची नावंही दिसतात, पण उघडायला गेलं की टेबल अस्तित्वात नाही म्हणून सांगतं आणि लोक तिथं अडकतात. हा सल्ला नेटवर जागोजाग आहे आणि त्यानं कित्येकांचा डेटा गेला आहे. इतवारी, तुमचा हेतू चांगला आहे हे माहीत आहे, पण हे कोणालाच सांगू नका.

आता करायचं ते असं. आधी मायएसक्यूएल बंद आहे याची खात्री करा आणि अख्खं डेटा फोल्डर कॉपी करून दुसऱ्या जागी ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी इथपर्यंत परत येता येईल. मग डेटा फोल्डरमध्येच मायएसक्यूएल एरर नावाचा लॉग आहे, त्याच्या शेवटच्या ओळी वाचा. काय म्हणतोय?

महालचा_वाचक, शनिवार संध्याकाळी ७.५०

बरं झालं लगेच लिहिलं, मी फोल्डर उघडून बसलो होतो. कॉपी करून ठेवली. लॉगमध्ये आरिया का काही तरी आणि मायएसक्यूएल डॉट डीबी, मायएसक्यूएल डॉट यूझर असं दिसून राहिलं, आपल्या वाचनालयाच्या डेटाबेसचं नाव कुठं नाही.

जुना_सर्व्हरवाला, शनिवार रात्री ८.०५

हे चांगलं लक्षण आहे. झॅम्पमध्ये नाव मायएसक्यूएल असलं तरी आत मारियाडीबी असतं, आणि त्याची स्वतःची परवानग्यांची टेबलं आरिया नावाच्या प्रकारात असतात. लाइट गेल्यावर तीच खराब झालेली दिसतात, तुमची पुस्तकं नाहीत.

मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये डेटाच्या शेजारी बॅकअप नावाचं फोल्डर आहे, झॅम्प टाकताना आलेलं, कोरं. डेटा फोल्डरचं नाव बदलून डेटा जुनं करा. बॅकअप फोल्डरची कॉपी करून तिला डेटा नाव द्या. मग डेटा जुनंमधून फक्त तुमच्या वाचनालयाच्या डेटाबेसचं फोल्डर आणि ती आयबीडेटा१ फाइल नवीन डेटामध्ये आणा, आयबीडेटा१ ओव्हरराइट करू का विचारेल, हो म्हणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन ही तीन फोल्डरं जुन्यातून आणू नका. मग स्टार्ट. रूटला पासवर्ड ठेवला असेल तर तो परत द्यावा लागेल.

महालचा_वाचक, शनिवार रात्री ८.४०

हिरवं झालं. सकाळच्या देवघेवीच्या नोंदी पण आहेत, शेवटच्या नोंदीपर्यंत. काय बोलू, सभासद आत्ता शेजारी उभे होते, त्यांनीच सांगितलं की तुम्हा सगळ्यांना नमस्कार लिहा. आता रोजचा बॅकअप कसा घ्यायचा तेवढं सांगा, नुसतं डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं तर चालेल का?

लिनक्सवाली, शनिवार रात्री ९.१५

मायएसक्यूएल चालू असताना फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात. मायएसक्यूएलडंप वापरा, एका बॅच फाइलमध्ये ती आज्ञा लिहा, कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ सांगा, फाइलच्या नावात तारीख येऊ द्या, आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वाचनालय बंद व्हायच्या अर्धा तास आधीची वेळ लावा. पेन ड्राइव्ह दोन ठेवा, आलटून पालटून, त्यातला एक रोज तुमच्या घरी. आणि पहिला डंप आला की वाचनालय नावाला पुढे चाचणी जोडून वेगळा डेटाबेस बनवा, त्यात तो इम्पोर्ट करा, पुस्तकांची संख्या मूळ टेबलाशी जुळते का आणि मराठी नावं नीट वाचता येतात का बघा. यूपीएस घेईपर्यंत वादळाचा रंग दिसला की आधी झॅम्पमधून मायएसक्यूएल स्टॉप करायचं.

महालचा_वाचक, रविवार दुपारी १२.२०

बॅच फाइल लागली, पहिला डंप आला, चाचणीच्या डेटाबेसात टाकला, दोन्हीकडची संख्या जुळली, नावं मराठीत स्वच्छ आहेत. यूपीएससाठी वर्गणी सुरू केली. आता लॉगिनची क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये बदलायला घेतली आहे, अडलो तर याच धाग्यात लिहितो.